शब्दात बसलेला माणूस

मी चिरगावहून बोलतोय. नकाशात शोधायचं असेल तर झाशी शोधा आणि तिथून कानपूरच्या रस्त्याला लागा. साधारण तीस किलोमीटरवर आमचं गाव येतं. हिंदी वाचकांना ते मैथिलीशरण गुप्त यांचं गाव म्हणून ठाऊक आहे. त्यांचा जन्म इथला, ३ ऑगस्ट १८८६ चा. त्यांच्या पुस्तकांवर प्रकाशक म्हणून 'साहित्य सदन, चिरगाँव, झाँसी' असा पत्ता छापलेला असे. त्यामुळे 'साकेत' ज्यांनी वाचलं त्यांनी आमच्या गावाचं नावही वाचलं, गाव कधी पाहिलं नसलं तरी.

मी इथे मुलांना इंग्रजी शिकवतो. घरी आम्ही मराठी बोलतो. झाशीत आमच्यासारखी बरीच मराठी घरं आहेत. १७४२ च्या सुमारास नारो शंकर पेशव्यांचे सुभेदार म्हणून झाशीला आले, पुढे नेवाळकर आले, आणि त्यांच्या मागोमाग आमच्यासारख्यांचे पूर्वज. म्हणजे सकाळी मराठी, दिवसभर हिंदी आणि बुंदेली, आणि पोटासाठी इंग्रजी. तुमच्यापैकी जे इंदूरला, बडोद्याला, बेळगावला किंवा हैदराबादला राहतात त्यांना ही कसरत नवी नाही.

आज मी इंग्रजीतल्या तीन अक्षरांविषयी बोलणार आहे. एम, ए, एन. मॅन. म्हणजे माणूस. पहिलीतल्या पोरालाही येणारा शब्द. याच तीन अक्षरांवरून माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगतो.

३ ऑगस्टला इथे गुप्तजींची जयंती होते. एका वर्षी ठरलं की मुलांनी त्यांच्यावर इंग्रजीतही चार वाक्यं बोलावीत. मी उतारा लिहून दिला. त्यात 'मॅन्युस्क्रिप्ट' हा शब्द होता, म्हणजे हस्तलिखित. मुद्दाम घातला होता. गुप्तजींच्या सुरुवातीच्या कविता 'सरस्वती' मासिकात आल्या. तिचे संपादक महावीरप्रसाद द्विवेदी आधी झाशीलाच रेल्वेत नोकरीला होते. आलेलं प्रत्येक हस्तलिखित ते स्वतःच्या हाताने ओळ न ओळ दुरुस्त करत. ती दुरुस्त केलेली पानं काशीच्या नागरीप्रचारिणी सभेने जपून ठेवली आहेत. मला वाटलं, मुलांना सांगावं, मोठ्या कवीच्या वहीवरही लाल शाई पडते.

वाचून दाखवताना सातवीतली एक मुलगी अडली. अबोल मुलगी. वडील ठेल्यावर भाजी विकतात. तिने त्या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "सरजी, इसमें आदमी क्यों बैठा है?"

यात माणूस का बसलाय?

मी हसलो. मी हसलो म्हणून वर्ग हसला. मी म्हणालो, "असं प्रत्येक शब्दात माणूस शोधत बसलीस तर स्पेलिंग कधी पाठ करणार? यात काही अर्थ नाही, योगायोग आहे." ती खाली बसली. जयंतीच्या दिवशी तिने उतारा बिनचूक म्हटला. त्यानंतर दिवाळीपर्यंत तिने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही.

हे माझ्या लक्षात आलं तेही उशिरा. गप्प बसणारं मूल मास्तराला त्रास देत नाही, म्हणून ते दिसतही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत दुसराच एक शब्द शोधायला मी मोठा इंग्रजी शब्दकोश काढला होता. पान उलटताना 'मॅन्युस्क्रिप्ट' समोर आला. पुढे कंसात व्युत्पत्ती दिली होती, जी आपण सहसा वाचत नाही. लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात. 'मानु' म्हणजे हाताने. 'स्क्रिप्टुस' म्हणजे लिहिलेलं. हाताने लिहिलेलं. हस्तलिखित. आपला शब्द आणि त्यांचा शब्द अगदी एका साच्यातले.

म्हणजे मुलीचं उत्तर चूक होतं, कारण तिथे माणूस नव्हता. पण प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. तिथे कोणीतरी बसलेलं होतं. योगायोग नव्हता. चुकलो होतो मी.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच तासाला मी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि वर्गाला सांगितलं की ऑगस्टमध्ये मी चुकीचं बोललो होतो. त्या शब्दात हात बसलाय. मग म्हटलं, आता सगळे मिळून ही तीन अक्षरं असलेले शब्द गोळा करू. ज्यांना जमेल त्यांनी आत्ता व्हिडिओ थांबवून कागद घ्या, तुम्हीही करून बघा.

अर्ध्या तासात फळा भरला. आम्ही त्याचे गट पाडले.

पहिला गट हाताचा. 'मॅन्युअल', म्हणजे हाताने करायचं काम, आणि हाताशी ठेवायचं पुस्तकही. 'मॅनिक्युअर', हाताची निगा. 'मॅन्युफॅक्चर', म्हणजे हाताने बनवणं. आता कारखान्यात सगळं यंत्र करतं, पण नाव हाताचंच राहिलं. 'मॅनेज' हा इटालियन भाषेतून आला आणि आधी घोड्यांच्या बाबतीत वापरला जाई, घोडा हाताळणं, त्याला चाली शिकवणं. हे ऐकल्यावर मागच्या बाकावरचा एक जण ओरडला, "तो रानी साहब मैनेजर थीं!" झाशी जिल्ह्यातला मुलगा, दुसरं काय म्हणणार?

याच गटात एक शब्द असा निघाला की मुलांना पटेना. 'मॅन्युअर', म्हणजे शेणखत. खताचा हाताशी काय संबंध? जुन्या फ्रेंचमध्ये हाताने काम करणं यासाठी जो शब्द होता, त्यातून इंग्रजीत आधी 'शेत कसणं' हा अर्थ आला. शेत कसायचं तर खत घालायचं, म्हणून पुढे ते खतालाच चिकटलं. सैन्याच्या डावपेचांना म्हणतात तो 'मनूव्हर' हा याच शब्दाचा सख्खा भाऊ. एक शेतात राहिला, दुसरा फौजेत गेला. असं आपल्याही घरांत झालेलंच आहे.

दुसरा गट खरोखर माणसाचा. पोस्टमन, सेल्समन, मॅनकाइंड. इथे ती मुलगी बोलली. दिवाळीनंतरचा तिचा पहिला प्रश्न. "और वुमन? औरत में भी आदमी?"

याचं उत्तर मराठी माणसाला जितकं पटकन कळेल तितकं दुसऱ्या कोणाला कळणार नाही, म्हणून नीट ऐका. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'मन' म्हणजे फक्त पुरुष नव्हे. मन म्हणजे माणूस, बाई असो की बुवा. बाईसाठी शब्द होता 'वीफमन'. वीफ म्हणजे बाई, मन म्हणजे माणूस. आता मराठीत जोडून म्हणा. बाईमाणूस! तोच हा शब्द. आणि पुरुषासाठीही वेगळा जोडशब्द होता, त्याचा अर्थ 'हत्यारवाला माणूस'. आपल्याकडे गडीमाणूस. पुढे काळाच्या ओघात वीफमनचं वुमन झालं आणि पुरुषाने 'मॅन' हा अख्खा शब्द स्वतःच्या नावावर करून घेतला. तेव्हा वुमनमध्ये पुरुष बसलेला नाही, माणूस बसलाय. मी हे हिंदीत सांगितलं तेव्हा ती मुलगी काही बोलली नाही, फक्त वहीत लिहून घेतलं. दोनदा अधोरेखित केलं.

आणि 'ह्यूमन'? आम्हाला वाटलं हा तर नक्की याच घरातला. अर्थही माणूस, अक्षरंही तीच. पण नाही. तो लॅटिन 'हुमानुस' वरून आला, आणि त्याचं नातं 'हुमुस' म्हणजे मातीशी जोडतात. मातीतला जीव. त्यातली 'मॅन' ही अक्षरं त्या अर्थाने माणूस नव्हेत. म्हणजे अर्थ जुळतो, अक्षरं जुळतात, तरी नातं नाही.

तिसरा गट राहण्याचा. 'पर्मनंट' आणि 'मॅन्शन'. लॅटिनमध्ये 'मानेरे' म्हणजे राहणं, मुक्काम करणं. शेवटपर्यंत राहतो तो पर्मनंट, राहायची जागा ती मॅन्शन. नोकरी पर्मनंट होण्यात माणसाचा वाटा नसतो, हे अनुभवी लोक तसंही जाणतात.

चौथा गट पाहुण्यांचा. 'मँगो' फळ्यावर आला तेव्हा एकाने फोड केली, मॅन अधिक गो, "आदमी जाओ." वर्ग हसला, मीही हसलो, पण या वेळी त्या मुलाच्या बरोबर हसलो. मँगो आपल्याच दक्षिणेतून गेला. मल्याळम-तमिळमधला शब्द पोर्तुगीजांनी 'मांगा' म्हणून उचलला आणि तो इंग्रजीत पोचला. आणि दुसरा पाहुणा तर फारच मजेचा. चीनच्या जुन्या बड्या अधिकाऱ्यांना इंग्रजीत 'मँडरिन' म्हणतात. आपल्याला वाटतं चिनी शब्द असणार. तो आहे आपला 'मंत्री'. मंत्री मलाय भाषेत 'मंतरी' झाला, तिथून पोर्तुगीजांनी घेतला. त्यांच्या भाषेत 'मांदार' म्हणजे हुकूम सोडणं. त्यांना वाटलं असणार, हुकूम सोडणारे लोक आहेत, तेव्हा शब्द तिथूनच आला असेल. त्या नादात 'त' चा 'द' झाला. म्हणजे अक्षरांच्या सारखेपणाला फक्त सातवीतली मुलं फसत नाहीत, दर्यावर्दी राष्ट्रंही फसतात.

आता इथे थोडं थांबू. एकाच तीन अक्षरांत चार घरं राहतात. मग नातं ओळखायचं कसं? मराठी माणसाला मी एकच सांगतो. हे आडनावासारखं आहे. एक कुलकर्णी सोलापूरचा, एक कुलकर्णी धारवाडचा. दोघांच्या पूर्वजांनी आपापल्या गावी एकच काम केलं, म्हणून आडनाव एक झालं. पण म्हणून ते भाऊबंद नाहीत. उलट दोन सख्खे भाऊ दोन गावी गेले, एकाने गावाच्या नावापुढे 'कर' लावलं, दुसऱ्याने जुनंच ठेवलं, की रक्त एक आणि आडनावं दोन. शब्दांतही असंच. 'मेंटेन' मध्ये आपली तीन अक्षरं लागोपाठ नाहीत, मध्ये आय शिरलाय, पण तो हाताच्या घरातलाच आहे. हातात धरून ठेवणं, ते मेंटेन करणं. फ्रेंच घरात नांदून आला म्हणून चेहरा बदललाय.

आणि आपण इंग्रजीला नावं ठेवण्याआधी घरात डोकावू. 'मान' हा मराठी शब्द घ्या. मान वळवली, यातली मान संस्कृत 'मन्या' वरून आलेली, म्हणजे मानेचा मागचा भाग. मान दिला, यातला मान सन्मानाचा. आणि तापमान, पर्जन्यमान यांतलं मान मोजण्याचं. तीन वेगळी घरं, पाटी एकच. उलट 'हात' आणि 'हत्ती' यांचं नातं आपल्या ध्यानातही येत नाही. हत्ती म्हणजे संस्कृत 'हस्तिन्', ज्याला हात आहे तो. सोंड हा त्याचा हात.

अजून एक गंमत फळ्यावर दिसली. हे सगळे शब्द मी रोमन अक्षरांखाली देवनागरीतही लिहिले होते. मॅन्युस्क्रिप्ट, वुमन, पर्मनंट, मँगो. आता बघा, देवनागरीत ती सारखी अक्षरं गेलीच! कुठे मॅन, कुठे मन, कुठे नुसतं मँ. आपली लिपी कानाला विचारून लिहिते, म्हणून वाचायला सोपी. इंग्रजी स्पेलिंग कानाचं फार ऐकत नाही, म्हणून मुलांना छळतं. पण त्या हट्टापायी ते जुनी नाती सांभाळून ठेवतं, खरी आणि खोटीही. स्पेलिंग पाठ करणं म्हणजे शिक्षा असं मुलांना वाटतं. त्यांना जर कळलं की त्यात कोण कोण बसलंय, तर शिक्षेची गोष्ट होते.

याचा पुरावा मला आमच्या स्टेशनच्या पाटीवरच मिळाला. वर हिंदीत 'चिरगाँव', चंद्रबिंदूसह. खाली इंग्रजीत शेवटी जी, ए, ओ, एन. माझ्या मराठी तोंडात मात्र 'चिरगाव', नाकातला उच्चार मुळीच नाही. मग जळगाव, मालेगाव, कोपरगाव, खामगाव यांच्या इंग्रजी स्पेलिंगात शेवटी एन कशाला? मूळ शब्द 'ग्राम'. त्यातला म झिजत झिजत नाकात गेला आणि 'गाँव' झालं. मराठीतही आपले आजे-पणजे 'गांव' असंच लिहायचे, डोक्यावर टिंब देऊन. उच्चारात नसलेली अशी टिंबं १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढली. टिंब गेलं, पण इंग्रजी पाटीवरचा एन राहिला. गुजरातीत अजून 'गाम' म्हणतात. आणि इंग्रजांनी बेळगाव लिहिताना तर शेवटी चक्क एम लिहिला होता. ज्या एनला आपण वर्षानुवर्षं फालतू समजतो, तो 'ग्राम' शब्दाच्या शेवटच्या अक्षराची आठवण धरून बसलाय.

आता कामाचं सांगतो. घरी मूल विचारेल, या शब्दात तो शब्द का बसलाय, तेव्हा तीन गोष्टी करा. एक, तो तुकडा बाजूला काढा आणि उरलेल्या भागाला दुसरीकडे कुठे पाहिलंय का ते बघा. मॅन्युस्क्रिप्टमधून हात काढला तर 'स्क्रिप्ट' उरतं. ते डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये आहे, डिस्क्रिप्शनमध्ये आहे, आणि सगळीकडे लिहिण्याशीच संबंध आहे. म्हणजे जोड खरी. मँगोमधून मॅन काढला तर 'गो' उरतो आणि तो आंब्याला काही केल्या लागू होत नाही. दोन, अर्थ जुळतो का बघा. तीन, एवढं करूनही निकाल देऊ नका. ह्यूमनने आपल्याला फसवलंच होतं. शब्दकोशातला कंस वाचा. आणि तुम्हाला ठाऊक नसेल तर मुलाला म्हणा, मला माहीत नाही, बघूया. हे वाक्य मला ऑगस्टमध्ये सुचलं असतं तर एका मुलीचे तीन महिने गेले नसते.

गुप्तजींनाही लहानपणी इंग्रजी शिकायला झाशीला शाळेत घातलं होतं. ते तिथे रमले नाहीत, परत आले आणि घरीच शिकले. पुढे याच माणसाला राष्ट्रकवी म्हणू लागले, १९५२ पासून बारा वर्षं ते राज्यसभेत होते. पण प्रत्येक गप्प बसणाऱ्या मुलाच्या घरी पुस्तकं नसतात. काहींच्या घरी ठेलाच असतो.

त्या मुलीची शेवटची गोष्ट सांगतो. हाताचा गट फळ्यावर पूर्ण झाला तेव्हा तिने हळूच विचारलं, "सरजी, हाथठेला भी?" तिच्या वडिलांची गाडी. हाताने ढकलायची ती हातगाडी. मी म्हटलं, हो, आपल्या भाषेतला अगदी त्याच साच्याचा शब्द. आणि लॅटिन शब्दांच्या खाली मी 'हाथठेला' लिहिलं. तो तास संपला तरी पुसलं नाही.

पुढच्या वर्षी इतिहासाच्या पुस्तकात अब्राहम लिंकन आले, १ जानेवारी १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा आला. त्याचं इंग्रजी नाव आहे 'एमॅन्सिपेशन'. ती आठवीत गेली होती. पुस्तक घेऊन माझ्याकडे आली, पुन्हा शब्दाच्या मध्यावर बोट, आणि या वेळी प्रश्न वेगळा होता. "सरजी, यह आदमी वाला है या हाथ वाला?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही, बघूया." आम्ही कंस वाचला. हातवालाच होता. रोमन लोकांच्या कायद्यात हाताने धरून एखाद्यावर मालकी सांगत. बाप मुलावरचा आपला हक्क सोडायचा तेव्हा त्याला हा शब्द. हातातून सोडणं.

तिने वहीत लिहिलं आणि पुढचं पान उलटलं. तिला आता माझी फारशी गरज नव्हती, शब्दकोश तिच्याच हातात होता.

मंडळी, आज रात्री घरात एक शब्द घ्या आणि त्यात कोण बसलंय ते शोधा. मुलांना आधी विचारू द्या.